आरोग्याच्या अफवा आणि सरकार: काय चालतं, काय नुसतं छापलं जातं

विचारलंय ते थोडक्यात असं: लशी, औषधं, आजार यांबद्दल मोबाईलवर इतकं खोटं फिरतं, तर सरकार त्यावर नेमकं करतं काय, त्यातल्या कशाने फरक पडतो, आणि आपल्याच सोसायटीच्या ग्रुपवर असं काही आलं तर आपण काय करावं. माझी नोकरी ग्रामीण आरोग्य खात्यात गेली, त्यातला बराच काळ लसीकरणात. तिथून जे दिसलं ते सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. जाहिराती, फॅक्ट चेक, कायदे या सगळ्यांचा उपयोग आहे, पण लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. लस टोचणारी सिस्टर ‘ताप येईल’ हे सांगते का, आणि ताप आल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी दारात येतं का. हे दोन्ही नीट झालं तर अफवेला गावात फारसं काम उरत नाही.

आता तपशील. पोलिओच्या मोहिमेत टीम घरोघर जायची तेव्हा दाराशेजारी खडूने खूण करायची. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एक जरी राहिलं असेल तर ‘एक्स’. संध्याकाळच्या बैठकीत या एक्सची फोड व्हायची. एक्सएल म्हणजे घराला कुलूप, एक्सव्ही म्हणजे कुटुंब गावाबाहेर, एक्सएस म्हणजे मूल आजारी म्हणून राहिलं, आणि एक्सआर म्हणजे नकार. कागदावर हे कंटाळवाणं दिसतं, पण आरोग्यसंवादात यापेक्षा उपयोगी कोष्टक मी पाहिलेलं नाही. कुलूप असलेल्या घराला प्रबोधन लागत नाही, संध्याकाळी सातची फेरी लागते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला पोस्टर नको, कारखान्याच्या तळावर बूथ पाहिजे. आणि माझ्या अनुभवात एक्सच्या यादीत कुलूप आणि परगाव हेच भरलेले असायचे. नकाराची घरं थोडी असायची, पण चर्चा सगळी त्यांचीच.

हे आधी सांगण्याचं कारण असं की हल्ली ‘लोक अफवांना बळी पडतात’ हे वाक्य खात्याला फार सोयीचं झालंय. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवर पसरला, गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डात सगळ्यात आधी आणि जोरात. वर्तमानपत्रांत लगेच ‘लशीबद्दल गैरसमज’ असे मथळे आले. गैरसमज होतेच, नाही म्हणत नाही. पण कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झालं होतं, भाडेकरू कुटुंबं गल्ल्या बदलत होती, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला भरदुपारच्या सत्राला येणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणं होतं. हे सगळं ‘नकार’ या एकाच खात्यात टाकलं की मग उपाय म्हणून पोस्टर छापलं जातं, आणि सत्राची वेळ तीच राहते.

खरा नकार कसा वळवला गेला याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण उत्तर प्रदेशचं. 2002 साली भारतात पोलिओचे 1,600 रुग्ण सापडले, त्यांतले 1,242 एकट्या उत्तर प्रदेशातले. डोस पाजला की पोरं पुढे वांझ होतात, ही अफवा पश्चिम भागातल्या मुस्लिम वस्त्यांत पक्की बसली होती. सरकार आणि युनिसेफ यांनी तिथे त्याच मोहल्ल्यातल्या बायकांची फळी उभी केली, मशिदींतून घोषणा होऊ लागल्या, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया यांची नावं पाठीशी आली. पण नकार देणाऱ्यांचं खरं म्हणणं वेगळंच होतं: गटार तुंबलंय, पोरं जुलाबाने मरतात, तेव्हा कुणी येत नाही, आणि हे दोन थेंब पाजायला मात्र दर महिन्याला येता, यात काहीतरी असणार. बोलणं चुकीचं, संशय रास्त. 2009 मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या सर्वाधिक जोखमीच्या 107 विकासगटांसाठी (तालुक्यासारख्या भागांसाठी) वेगळी योजना झाली. तिच्यात पोलिओच्या जोडीला पाणी, स्वच्छता, जुलाबावर ओआरएस आणि झिंक आलं. त्या वर्षी देशात 741 रुग्ण होते, पुढच्या वर्षी 42. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. हे सगळं गटारामुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल, त्याच काळात लसही सुधारली होती. पण दार उघडायला गटाराचा उपयोग झाला हे त्या कामातले लोक सांगतात, आणि मला ते पटतं.

आपल्याकडचा मोठा अनुभव गोवर-रुबेला मोहिमेचा. महाराष्ट्रात ती 27 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी, म्हणजे तीन कोटींच्या वर पोरं, आणि सुरुवात शाळांतून. त्याआधी 2017 मध्ये तमिळनाडू, कर्नाटक, गोवा या भागांत मोहीम झाली तेव्हाच व्हॉट्सॲपवर अफवांनी धुमाकूळ घातला होता, त्यामुळे काय येणार ते ठाऊक होतं. वंध्यत्वाची जुनी अफवा नव्या कपड्यांत आली. पण मला जास्त त्रास झाला तो दुसऱ्या टोकाच्या पालकांचा. ‘आमच्या डॉक्टरांनी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दिलंय, सरकारी लस नको’ असं इंग्रजी शाळेतल्या पालकांचं म्हणणं. त्यांच्यासाठी कुणी धर्मगुरू शोधायला जात नाही! तिथे उपयोगी पडले ते त्यांचेच बालरोगतज्ज्ञ. मोहिमेचा जादा डोस का, हे त्यांनी दवाखान्यात दोन वाक्यांत सांगितलं की सही होऊन कागद परत यायचा.

शाळेतल्या लसीकरणात एक गोष्ट हमखास घडते. टोचून झालेली एक मुलगी चक्कर येऊन बसते, तिला बघून रांगेतली दुसरी, मग तिसरी. हा लशीचा दोष नाही. सुईची भीती, रिकामं पोट आणि एकमेकींकडे बघणं. पण बाहेर कुणीतरी मोबाईल काढून उभं असतं आणि पाच मिनिटांत ‘लसीकरणानंतर विद्यार्थिनी बेशुद्ध’ तालुकाभर होतं. यावर सरकारी मार्गदर्शनात उपाय आहे आणि तो अगदी साधा आहे: पोरांनी खाऊन यावं, थांबायची खोली आणि टोचायची खोली वेगळी असावी, टोचलेल्यांना टोचायच्या राहिलेल्यांसमोर बसवू नये, अर्धा तास नजरेखाली ठेवावं. जिथे हेडमास्तरांनी दोन खोल्या दिल्या तिथे बातमी झाली नाही. अफवा रोखायला एक रिकामा वर्ग पुरतो, हे आयईसीच्या, म्हणजे प्रचार-प्रबोधनाच्या, कुठल्या बजेटात बसत नाही.

नियमित सत्राचंही तसंच. टोचून झाल्यावर सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. कागदावर चारही आहेत. प्रत्यक्षात पंचवीस-तीस पोरांच्या सत्रात, रडारडीत, बहुतेक वेळा शेवटच्या दोनच सांगितल्या जातात: ‘एक महिन्याने या, कार्ड आणा.’ दुसरी गोष्ट गाळली की गडबड सुरू. पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या) इंजेक्शनने रात्री अंग तापतं, मांडीला सूज येते, कधी गाठ राहते. बीसीजीच्या (क्षयरोगाच्या लशीच्या) जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पू होतो, व्रण राहतो. हे सगळं अपेक्षित आहे. आईला आधी ठाऊक असेल तर ती पॅरासिटामॉल देते आणि झोपते. ठाऊक नसेल तर सासू म्हणते, ‘बघ, चांगलं हसतंखेळतं पोर नेलं होतंस.’ पुढच्या सत्राला ते मूल तर येत नाहीच, शेजारची दोनही येत नाहीत. म्हणून मी सिस्टरांना सांगायचो, वेळ नसेल तर लशीचं नाव नका सांगू, पण तापाचं सांगितल्याशिवाय बाईला उठू देऊ नका. आणि सत्राच्या दुसऱ्या दिवशी आशाताईने आधी याच घरांवरून जावं.

आता सगळ्यात अवघड भाग. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ, मग दीड वर्ष, असं बाळ वारंवार टोचलं जातं. याच वयात काही बाळं इतर कारणांनी दगावतात. त्यामुळे लस दिल्यावर दोन दिवसांत एखादं बाळ जाणं हे कुठल्या ना कुठल्या गावात घडणारच, लशीचा संबंध असो वा नसो. अशा वेळी यंत्रणा काय करते? अहवाल वर जातो, जिल्ह्याची समिती बसते, लशीच्या कुप्या बाजूला काढल्या जातात, शवविच्छेदन होतं, मग राज्य आणि केंद्र पातळीवर कारणमीमांसा. पद्धत चांगली आहे, निष्कर्ष केंद्राच्या संकेतस्थळावर येतातही. पण ते काही महिन्यांनी येतात, आणि इंग्रजी पीडीएफमध्ये. गावाने चौथ्या दिवशीच निकाल लावलेला असतो. ज्यांचं बाळ गेलं त्यांना त्या निष्कर्षाची मराठी प्रत कुणी घरी नेऊन दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ही एक गोष्ट जरी सुरू केली तरी दहा जाहिरातींपेक्षा जास्त काम होईल असं मला वाटतं.

काही संशय मुळातून आलेले असतात, हेही मान्य करायला हवं. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातच्या बडोदा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. सात मुलींचे मृत्यू झाले, एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. पण संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या असल्याचं बाहेर आलं, आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली, पद्धत वाईट. किंमत मोजली ती पुढच्या कित्येक वर्षांतल्या मुलींनी, ज्यांना ती लस सरकारी दवाखान्यात मिळालीच नाही. 2019 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानेही तिथल्या गोवर-रुबेला मोहिमेबाबत हेच सांगितलं: पालकांची संमती घ्या, लशीचे तोटे आणि ती कुणाला देऊ नये हेही जाहिरातीत सांगा. आमच्या खात्यातले बरेच जण तेव्हा वैतागले होते, ‘असं सांगितलं तर कोण येईल?’ म्हणून. मला तो निकाल खात्याच्या फायद्याचा वाटला.

लसीकरण सोडून एक वेगळं उदाहरण देतो, कारण त्यात सरकारचा एक आदेश खरंच कामाचा ठरावा असा आहे. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्या, हे आपण अनेक वर्षं सांगत आलो. लोकांनी ऐकलं, मेडिकलमध्ये जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हणू लागले. आणि तिथे फ्रिजमधून रंगीत टेट्रापॅक निघू लागला, ज्यावर ओआरएस ही अक्षरं ठळक आणि आत भरपूर साखरेचं सरबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. या पॅकांत साखर त्याच्या कितीतरी पट, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यावर आठेक वर्षं झगडा दिला. मधल्या काळात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘हे ओआरएस नाही’ अशी सूचना छापली तर नावात ती अक्षरं चालतील, अशी सवलतसुद्धा दिली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये ती काढून घेतली गेली आणि सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी आली. चुकीची माहिती म्हटलं की आपल्याला व्हॉट्सॲप आठवतं, आणि इथे ती परवाना घेऊन, बारकोड लावून विकली जात होती. ती बंद करायला कुणाचं प्रबोधन लागलं नाही, एक आदेश लागला. मेडिकलमध्ये गेलात तर आजही पुडीच मागा, आणि पुडीवर ‘एक लिटर पाण्यात’ लिहिलं असेल तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्येच. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात, हे मी शिकलेल्या घरांतही पाहिलंय.

कायद्यांचं काय? 1954 चा औषधी आणि जादुई उपाय कायदा मधुमेह, कर्करोग वगैरे 54 आजारांवर ‘हमखास इलाज’ची जाहिरात करायला मनाई करतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. आता कुठल्याही एसटी स्टँडच्या मागची भिंत वाचून या आणि मला सांगा. 2018 साली आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम 170 आला. 2023 मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना त्याखाली कारवाई करू नका म्हणून कळवलं, 2024 च्या जुलैत तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये ते प्रकरणच निकाली निघालं. एवढ्यात कुठला निरीक्षक हात घालणार? आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्या मानाने नेमका आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्यात सरळ गुन्हा आहे.

पण सर्पदंशातही कायदा उशिरा पोचतो. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 मृत्यू झाले असा अंदाज आहे. मांत्रिकाकडे लोक जातात कारण त्याच्याकडे गेलेले बरेच जण खरंच बरे होतात: साप बिनविषारी असतो, किंवा विषारी असूनही विष टोचलेलं नसतं. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात. अशा वेळी मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला. आराखडा ठीक, पण प्राथमिक केंद्रात प्रतिविष आहे आणि रात्री ते द्यायला डॉक्टर आहे, हे एकदा गावाने पाहिलं की मांत्रिकाची गर्दी आपोआप पातळ होते. मेळघाटात आरोग्य विभागाने भूमकांनाच, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदू-मांत्रिकांनाच, हाताशी धरलं, त्यांना प्रशिक्षण दिलं, रुग्ण दवाखान्यात आणला तर पैसे देऊ केले. शहरातल्या अनेकांना हे अंधश्रद्धेला खतपाणी वाटतं. मला वाटत नाही. पोट फुगलेल्या बाळाला विळ्याने चटके देण्याची पद्धत तिथे अजून आहे. 2025 च्या फेब्रुवारीत 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर 65 चटके दिल्याचं उघड झालं. अशा बाळाला घेऊन आई रात्री ज्याच्या दारात जाते, त्याला दवाखान्याच्या बाजूला घेणं हाच जवळचा रस्ता आहे. मात्र तो बाळ घेऊन आला आणि केंद्राला कुलूप असलं, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही.

फॅक्ट चेकबद्दल फार लिहीत नाही. पीआयबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभाग नोव्हेंबर 2019 पासून आहे, कोविडच्या सुरुवातीला त्याने टाळ्यांच्या कंपनाने विषाणू मरतो यासारखे दावे त्याच दिवशी खोडले, ते चांगलंच. खोटं काय हे ठरवून ते हटवायला भाग पाडण्याचा अधिकार सरकारी विभागाला देणारी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. मला ते योग्य वाटतं, कारण सरकार स्वतः कधीकधी चुकीच्या बाजूला असतं. जानेवारी 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने कोरोनापासून बचाव म्हणून आर्सेनिक अल्बम 30 हे होमिओपॅथीचं औषध सुचवलं, आणि आपल्याकडे त्या गोळ्या नगरसेवकांपासून जिल्हा परिषदांपर्यंत सगळ्यांनी वाटल्या. पुढच्याच वर्षी अशा गावांत आम्ही कोविडची लस घेऊन गेलो तेव्हा ‘गोळ्या घेतल्यात की आम्ही’ हे उत्तर ऐकावं लागलं. त्याला कुठला फॅक्ट चेक लावणार?

हे सगळं ज्यांच्या खांद्यावर आहे त्या आशाताईंना पगार नाही, ठरावीक मानधन आणि त्यावर कामाप्रमाणे मोबदला आहे. गरोदर बाईची नोंद, बाळंतपण, पूर्ण लसीकरण, प्रत्येकाचा दर ठरलेला. नकार देणाऱ्या घरी चार वेळा जाऊन चहा पिऊन येण्याचा दर नाही. आणि नकार वळतो तो चौथ्या चहाला. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. यापेक्षा मोठं प्रसारमाध्यम सरकारकडे दुसरं नाही, आणि त्याचं थकलेलं मानधन मिळवायला त्यांना आझाद मैदानात बसावं लागतं.

आता तुमच्या सोसायटीच्या ग्रुपचं. ग्रुपवर सगळ्यांसमोर वाद घालू नका, मेसेज टाकणारा मागे हटत नाही आणि वाचणाऱ्यांना तो मेसेज दोनदा वाचायला मिळतो. त्याला वेगळा फोन करा आणि आधी विचारा की हे कुठल्या काळजीतून टाकलंत. पुष्कळदा घरात लहान बाळ असतं आणि मागच्या लशीनंतर रात्रभर ताप आलेला असतो. मग लशीचा विषय बाजूला राहतो, तापाचं बोलायचं. ताप किती होता, किती तास राहिला, झटका आला का, हे विचारा. झटका आला असेल किंवा बाळ निपचित पडलं असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, पुढचा डोस कसा द्यायचा ते तेच ठरवतील. नुसता ताप असेल तर तुमच्या भागातल्या सिस्टरचा नंबर द्या. सल्ल्यासाठी 104 आहे. आणि ग्रुपवर मेसेजऐवजी मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आली असेल तर मार्ग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये राज्यांना अशा तक्रारींसाठी यंत्रणा उभारायला सांगितलंय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ती दिसल्याची तारीख आणि खोक्यावरचा परवाना क्रमांक एवढं घेऊन एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयात लेखी द्या, आणि आवक क्रमांक मागून घेतल्याशिवाय उठू नका.